कामगंध रसायनांच्या घडणीतील निर्णायक आम्लारी : पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड

प्रस्तावना

एकात्मिक कीड व्यवस्थापनात कामगंध सापळा हे सर्वांत साधे साधन समजले जाते. कपाशीच्या शेतात हेक्टरी ५ सापळे लावले जातात, रोज सकाळी त्यांत अडकलेले नर पतंग मोजले जातात आणि गुलाबी बोंडअळीचे प्रति सापळा ८ पतंग सलग ३ रात्री आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली गेली, असे मानून उपाययोजना केली जाते. हा सारा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे. ल्युरमधून बाहेर पडणारा गंध मादी पतंगाच्या गंधासारखाच आहे, हे ते गृहीतक. ते चुकले तर सापळा रिकामा राहतो. रिकामा सापळा पाहून शेतकरी निश्चिंत होतो आणि डोमकळ्या दिसू लागेपर्यंत अळी बोंडात शिरलेली असते.

ल्युरमध्ये असते अवघे काही मिलिग्रॅम रसायन. हे रसायन आता किडींच्या ग्रंथींतून काढले जात नाही. ते प्रयोगशाळेत आणि कारखान्यात संश्लेषणाने तयार होते. या संश्लेषणात रेणूतील दुहेरी बंधाची दिशा योग्य राखणे हे सर्वांत कठीण काम असून, ती दिशा ठरण्यात वापरलेल्या आम्लारीचा मोठा वाटा असतो. पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड ही अशीच एक प्रबळ अल्कॉक्साइड आम्लारी आहे. कार्बनी रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ती विलोपन अभिक्रियेच्या प्रकरणात भेटते आणि बहुधा तेथेच विसरली जाते. कीटकशास्त्राच्या अभ्यासकांनी तिची ओळख का करून घ्यावी, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

रेणूची ओळख

अल्कोहोलच्या रेणूतील हायड्रॉक्सिल गटावरचा हायड्रोजन काढून त्या जागी धातू आणला की अल्कॉक्साइड तयार होते. मिथेनॉलपासून मिथॉक्साइड, इथेनॉलपासून इथॉक्साइड आणि टर्शरी-ब्युटॅनॉलपासून टर्शरी-ब्युटॉक्साइड. ‘टर्शरी’ म्हणजे तृतीयक. ज्या कार्बनला ऑक्सिजन जोडलेला आहे, त्याच कार्बनला आणखी तीन मिथिल गट चिकटलेले असतात, हा त्याचा अर्थ. ऑक्सिजनवरील ऋणभाराभोवती जणू तीन बाजूंनी कुंपण उभे राहते.

पोटॅशियम धातू आणि कोरडे टर्शरी-ब्युटॅनॉल यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन वायू निघून जातो आणि हे संयुग मिळते. त्याचे रेणुवस्तुमान ११२.२ आहे. ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात असते, हवेतील आर्द्रता झपाट्याने शोषते आणि कमी दाबाखाली तापवल्यास संप्लवनाने शुद्ध करता येते. घन अवस्थेत त्याचे चार रेणू एकत्र येऊन घनाकृती समूह बनवतात. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आळीपाळीने पोटॅशियम आणि ऑक्सिजन बसलेले असतात. बाजारात ते भुकटीप्रमाणेच टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकातील द्रावणाच्या रूपातही मिळते.

अभिक्रियेत आम्लारीने आपले काम केले की मागे टर्शरी-ब्युटॅनॉल उरते. हे अल्कोहोल सुमारे २५ अंश सेल्सिअसला गोठते, म्हणून थंडीच्या दिवसांत ते बाटलीतच घट्ट झालेले आढळते. त्याचा उत्कलनबिंदू मात्र ८२ अंश इतका कमी असल्यामुळे ते उत्पादितापासून सहज उडवून लावता येते. रसायनकारांना ही सोय फार मोलाची वाटते.

प्रबळ, पण अवजड

आम्लारीचे बळ मोजताना तिच्या संयुग्मी आम्लाचे पीकेए मूल्य पाहतात. डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रावकात मिथेनॉलचे हे मूल्य सुमारे २९, तर टर्शरी-ब्युटॅनॉलचे सुमारे ३२ आहे. पीकेएमधील प्रत्येक एककाचा अर्थ दहापट, म्हणून तीन एककांचा फरक हजारपटीचा ठरतो. द्रावकाचाही प्रभाव मोठा असतो. अल्कोहोलमध्ये द्रावकाचे रेणू हायड्रोजन बंधांनी ऑक्सिजनला वेढून टाकतात आणि आम्लारी मवाळ होते. डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये तो ऑक्सिजन उघडा राहतो आणि तीच आम्लारी कितीतरी आक्रमक बनते.

बळाइतकेच महत्त्व तिच्या आकाराला आहे. अल्कॉक्साइड दोन प्रकारे वागू शकते. ते कार्बनवर हल्ला करून तेथील हॅलोजनची जागा घेऊ शकते, हे प्रतिष्ठापन. किंवा ते कडेचा हायड्रोजन काढून घेते आणि हॅलोजन निघून जाऊन दुहेरी बंध तयार होतो; हे विलोपन. कार्बनपर्यंत पोहोचण्यास वाट अरुंद असते, हायड्रोजन मात्र रेणूच्या बाहेरच्या अंगाला असतो. तीन मिथिल गटांचे ओझे वाहणाऱ्या टर्शरी-ब्युटॉक्साइडला अरुंद वाटेने आत जाणे जमत नाही, म्हणून ते हायड्रोजन उचलते.

पाठ्यपुस्तकांतील एक प्रसिद्ध उदाहरण हा फरक स्पष्ट करते. १८ कार्बनी सरळ साखळीच्या ऑक्टाडेसिल ब्रोमाइडवर मिथॉक्साइडची अभिक्रिया केल्यास जवळजवळ सर्वच, म्हणजे ९९ टक्के, उत्पादित प्रतिष्ठापनाचे मिळते. टर्शरी-ब्युटॉक्साइड वापरल्यास ८५ टक्के उत्पादित विलोपनाचे असते. कोणता हायड्रोजन निघेल हेही आकारावरच ठरते. २-ब्रोमो-२-मिथिलब्युटेन या संयुगातून इथॉक्साइड सुमारे ७० टक्के अधिक स्थिर, म्हणजे साखळीच्या आतल्या भागात दुहेरी बंध असलेले अल्कीन देते. टर्शरी-ब्युटॉक्साइड मात्र सुमारे ७२ टक्के टोकाला दुहेरी बंध असलेले अल्कीन देते, कारण टोकावरचा हायड्रोजन त्याच्या हाताशी अधिक येतो.

कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विलोपन अभिक्रिया अपरिचित नसावी. डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाशीच्या शरीरातील विकर डीडीटीच्या रेणूतून हायड्रोजन आणि क्लोरीन काढून टाकते व निरुपद्रवी डीडीई बनवते. प्रबळ आम्लारी काचपात्रात जे करते, तेच हे विकर माशीच्या देहात करते.

दुहेरी बंधाची दिशा आणि पतंगाची शृंगिका

१९५९ मध्ये आडोल्फ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या मादीतील बॉम्बिकॉल हे पहिले कामगंध रसायन ओळखले. त्यासाठी सुमारे ५ लाख माद्यांच्या गंधग्रंथी वापराव्या लागल्या आणि हाती आले ते अवघे काही मिलिग्रॅम. बॉम्बिकॉलच्या १६ कार्बनी साखळीत १० व्या आणि १२ व्या स्थानी दुहेरी बंध आहेत. प्रत्येक बंधाच्या दोन शक्यता धरल्यास चार भूमितीय समघटक संभवतात. चौघांचेही संश्लेषण करून चाचणी घेतली असता त्यांपैकी एकच समघटक नराला सर्वाधिक उत्तेजित करणारा ठरला.

या दोन शक्यतांना ‘झेड’ आणि ‘ई’ अशी नावे आहेत. ही अक्षरे जर्मन शब्दांवरून आली आहेत. दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांवरील साखळीचे भाग एकाच बाजूस असतील तर झेड, विरुद्ध बाजूंस असतील तर ई. झेड रूपात साखळीला बाक येतो, ई रूपात ती बरीचशी सरळ राहते. नर पतंगाच्या शृंगिकेवरील ग्राही प्रथिने हा बाक ओळखतात. युरोपीय मका खोडकिड्याच्या दोन वाणांचे उदाहरण येथे सर्वज्ञात आहे. एका वाणाची मादी झेड आणि ई समघटक ९७ : ३ या प्रमाणात सोडते, दुसऱ्या वाणाची मादी १ : ९९ या प्रमाणात. रसायने तीच, प्रमाण उलटे, आणि एका वाणाचे नर दुसऱ्या वाणाच्या गंधाकडे सहसा फिरकत नाहीत.

गुलाबी बोंडअळीचा इतिहासही बोलका आहे. भारतातील भडोचच्या कपाशीवर आढळलेल्या या किडीचे पहिले वर्णन १८४० च्या दशकात झाले. पण तिच्या कामगंधाची रचना निश्चित होण्यास १९७३ साल उजाडले. त्यापूर्वी १९६६ मध्ये ‘प्रॉपिल्युर’ या नावाने एक रचना मांडली गेली होती. तिचे संश्लेषणही झाले, मात्र शेतात नर पतंग त्याकडे आकृष्ट झाले नाहीत. खरा कामगंध, म्हणजे गॉसिप्ल्युर, हा ७,११-हेक्झाडेकाडायनाइल ॲसिटेटच्या दोन समघटकांचे समप्रमाण मिश्रण निघाला. दोन्हींत ७ व्या स्थानचा बंध झेडच असतो. ११ व्या स्थानी मात्र निम्म्या रेणूंत झेड आणि निम्म्या रेणूंत ई. येथे केवळ शुद्धता पुरत नाही, नेमके मिश्रण साधावे लागते.

विटिग अभिक्रिया : आम्लारीची परीक्षा

दुहेरी बंध हव्या त्या जागी बसवण्याची सर्वांत विश्वासार्ह रीत गेऑर्ग विटिग यांनी १९५० च्या दशकात दिली. त्यासाठी त्यांना १९७९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हर्बर्ट ब्राउन यांच्यासह मिळाले. या रीतीचे तीन टप्पे सांगता येतात.

पहिल्या टप्प्यात अल्किल ब्रोमाइड आणि ट्रायफेनिलफॉस्फिन यांपासून फॉस्फोनियम क्षार बनवला जातो. दुसऱ्या टप्प्यात प्रबळ आम्लारी या क्षारातील फॉस्फरसलगतच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन काढून घेते आणि यलाइड नावाचे अत्यंत क्रियाशील संयुग तयार होते. पांढरा क्षार विरघळत जाऊन द्रावण नारिंगी किंवा तांबडे होते, तेव्हा यलाइड तयार झाल्याची खूण पटते. तिसऱ्या टप्प्यात अतिशीत द्रावणात अल्डिहाइड थेंबाथेंबाने सोडले जाते. रंग फिकट होत जातो, अल्डिहाइडचा कार्बन आणि यलाइडचा कार्बन यांच्यात दुहेरी बंध जुळतो आणि ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड बाजूला पडते.

दुहेरी बंध झेड होणार की ई, याचा निर्णय या तिसऱ्या टप्प्यात होतो. पण त्याची बीजे दुसऱ्या टप्प्यात पेरलेली असतात. साध्या अल्किल यलाइडचा नैसर्गिक कल झेडकडे असतो. यलाइड बनवताना ब्युटिल लिथियम वापरल्यास द्रावणात लिथियम ब्रोमाइड उरते. ते टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळते, लिथियम आयन मधल्या संयुगाच्या ऑक्सिजनला चिकटतो, त्याला उलट फिरण्यास अवसर देतो आणि ई समघटकाचे प्रमाण वाढते. पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड वापरल्यास उरते ते पोटॅशियम ब्रोमाइड. ते या द्रावकात जवळजवळ अविद्राव्य असल्याने तळाशी बसते आणि अभिक्रियेत ढवळाढवळ करत नाही. परिणामी झेड समघटकाचे प्राबल्य टिकते. रसायनकार या पद्धतीला ‘क्षारमुक्त’ विटिग अभिक्रिया म्हणतात. झेडचे प्रमाण आणखी उंचवायचे असेल तेव्हा सोडियम किंवा पोटॅशियमचे सिलिल अमाइड वापरले जाते. कामगंध रसायनांच्या संश्लेषणात या मार्गाचा विस्तृत उपयोग जर्मनीतील बेस्टमन यांच्या गटाने केला. तरीही घन, तोलण्यास सोपे आणि तुलनेने स्वस्त म्हणून टर्शरी-ब्युटॉक्साइडचे स्थान कायम राहिले आहे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक असते. ही आम्लारी अल्डिहाइडलाही सोडत नाही. ती त्यातील हायड्रोजन काढून अल्डिहाइडचे रेणू आपसातच जोडून टाकते. म्हणून आम्लारी मोजूनमापून घेतात, आधी तिचा पूर्ण वापर होऊन यलाइड बनू देतात आणि नंतरच अल्डिहाइड सोडतात. एस्टर गटही तिच्यापुढे सुरक्षित नसतो. बहुतेक पतंगांचे कामगंध ॲसिटेट एस्टर असल्यामुळे दुहेरी बंध आधी घडवून ॲसिटेट गट अखेरच्या पायरीवर जोडण्याचा प्रघात आहे.

एकच तुकडा, पाच किडी

भारतातील काही प्रमुख किडींचे कामगंध कागदावर दुहेरी बंधाच्या ठिकाणी तोडून पाहिल्यास एक लक्षणीय साम्य नजरेस येते.

१. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी : मुख्य घटक झेड-९-टेट्राडेसेनाइल ॲसिटेट, सोबत अल्प प्रमाणात झेड-७-डोडेसेनाइल ॲसिटेट. ही कीड भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम नोंदवली गेली.

२. हरभऱ्यावरील घाटे अळी : झेड-११-हेक्झाडेसेनाल आणि झेड-९-हेक्झाडेसेनाल, सुमारे ९७ : ३.

३. भातावरील पिवळा खोडकिडा : तीच दोन रसायने, परंतु ३ : १ या प्रमाणात.

४. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी : वर उल्लेखिलेले गॉसिप्ल्युर.

५. वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणारी अळी : मुख्य घटक ई-११-हेक्झाडेसेनाइल ॲसिटेट.

टेट्राडेसेनाइल साखळीत १४ कार्बन असून बंध ९ व्या स्थानी आहे, म्हणजे बंधापलीकडे ५ कार्बन उरतात. डोडेसेनाइलमध्ये १२ पैकी ७ वजा जाता ५, आणि हेक्झाडेसेनाइलमध्ये १६ पैकी ११ वजा जाता पुन्हा ५. अर्थात पेंटिल ट्रायफेनिलफॉस्फोनियम ब्रोमाइड हा एकच क्षार या पाचही किडींच्या मुख्य रसायनांसाठी तत्त्वतः उपयोगी पडू शकतो. बदलते ते दुसऱ्या बाजूचे अल्डिहाइड. ९ कार्बनी अल्डिहाइड घेतल्यास लष्करी अळीचा मुख्य घटक, ७ कार्बनी घेतल्यास तिचाच दुय्यम घटक, ११ कार्बनी घेतल्यास घाटे अळी आणि खोडकिडा यांचा मुख्य घटक.

वांग्यावरील किडीचे प्रकरण या यादीत वेगळे पडते. तिच्यासाठी तोच ५ कार्बनी आणि ११ कार्बनी तुकडा हवा, पण बंध ई असावा लागतो. क्षारमुक्त विटिग अभिक्रिया येथे चुकीचा समघटक देईल. यासाठी मानफ्रेड श्लोसर यांनी १९६६ मध्ये सुचवलेला फेरफार उपयोगी पडतो. त्यात लिथियमची उपस्थिती मुद्दाम राखली जाते, मधल्या संयुगावर लिथियम आम्लारीचा दुसरा हप्ता देऊन त्याची रचना बदलू दिली जाते, आम्लाने तिला स्थिर केले जाते आणि शेवटी पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड घालून ई अल्कीन मोकळे केले जाते. एका मार्गात ही आम्लारी आरंभी येते आणि झेड देते. दुसऱ्या मार्गात ती अखेरीस येते आणि ई देते. कोणत्या क्षणी आणि कोणाच्या सोबतीने ती वापरली, यावर सापळ्यात कोणता पतंग येणार हे ठरते.

गॉसिप्ल्युरसाठी तर ११ व्या स्थानी दोन्ही समघटक निम्मेनिम्मे हवेत. १९७५ मध्ये अँडरसन आणि हेन्रिक यांनी विटिग अभिक्रियेतील परिस्थिती नियंत्रित करून हे मिश्रण थेट मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली. इतर वेळी दोष मानली जाणारी समघटकांची सरमिसळ येथे गुण ठरली.

वजनाचा हिशेब

लष्करी अळीच्या मुख्य घटकाचे उदाहरण घेऊ. पेंटिल फॉस्फोनियम क्षाराचे रेणुवस्तुमान ४१३.३ आहे. ४१.३ ग्रॅम क्षारासाठी ११.२ ग्रॅम पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड लागते. सर्व पायऱ्या पूर्ण क्षमतेने पार पडल्या असे धरल्यास २५.४ ग्रॅम कामगंध रसायन मिळेल. प्रति ल्युर २ मिलिग्रॅम मात्रा धरली तर इतक्या रसायनात १२,७०० ल्युर भरता येतील. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर घट येते. तरी ११ ग्रॅम आम्लारीचा आवाका यावरून लक्षात यावा.

या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. २५.४ ग्रॅम रसायनासोबत २७.८ ग्रॅम ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड तयार होते, म्हणजे उत्पादितापेक्षा टाकाऊ पदार्थाचे वजन जास्त. सापळ्यांसाठी लागणाऱ्या मिलिग्रॅमच्या मात्रेत हे परवडते. नर-मादीच्या मिलनात अडथळा आणण्यासाठी मात्र शेतभर गंध पसरवावा लागतो आणि हेक्टरी कित्येक ग्रॅम रसायन खर्ची पडते. तेथे किंमत आड येते. म्हणूनच २००५ च्या नोबेल पारितोषिकाने गौरवलेली मेटाथेसिस पद्धत या क्षेत्रात पुढे येत आहे.

दुसरा मार्ग : तिहेरी बंधाची सरकती जागा

दुहेरी बंध थेट न बनवता आधी तिहेरी बंध बसवून नंतर त्याचे अंशतः हायड्रोजनीकरण करण्याचा मार्गही रूढ आहे. लिंडलार उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन दिल्यास झेड बंध मिळतो, तर द्रव अमोनियातील सोडियमने क्षपण केल्यास ई.

या मार्गातही टर्शरी-ब्युटॉक्साइडची उपस्थिती आढळते. १,३-डायॲमिनोप्रोपेनमध्ये लिथियम विरघळवून त्यात पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड मिसळल्यास इतकी प्रभावी आम्लारी तयार होते की साखळीच्या मधला तिहेरी बंध एकेक कार्बन सरकत थेट टोकाला जातो. सहज मिळणाऱ्या २-डेसाइन-१-ऑलपासून अशा रीतीने ९-डेसाइन-१-ऑल बनते. त्याच्या टोकाला ४ कार्बनी ब्युटिल गट जोडला, झेड बंधापर्यंत हायड्रोजनीकरण केले आणि ॲसिटेट बनवले की तयार होते झेड-९-टेट्राडेसेनाइल ॲसिटेट, म्हणजेच लष्करी अळीचा मुख्य कामगंध.

कीटकनाशकांच्या उत्पादनातही या आम्लारीला स्थान आहे. परमेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन यांच्या आम्ल भागात तीन कार्बनांचे वलय असते. डायमिथिल-पेन्टेनोइक आम्लाच्या एस्टरला कार्बन टेट्राक्लोराइड जोडून, नंतर सोडियम किंवा पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइडसारख्या आम्लारीने हायड्रोजन क्लोराइड काढून हे वलय जुळवण्याची जपानमध्ये विकसित झालेली पद्धत प्रसिद्ध आहे. वलयावरील गट एकाच बाजूस येतील की विरुद्ध, याचे प्रमाण येथेही आम्लारी आणि द्रावक यांच्या निवडीनुसार बदलते.

हाताळणीतील दक्षता

हे संयुग प्रयोगशाळेत नेहमीचे असले तरी निष्काळजीपणे हाताळण्याजोगे नाही. पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात.

• पाण्याशी संपर्क येताच ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि टर्शरी-ब्युटॅनॉल यांत विघटित होते. दमट हवेत उघडी राहिलेली भुकटी तापते आणि पेटूही शकते. बाटली नायट्रोजन किंवा आरगॉनच्या आच्छादनाखाली, घट्ट बंद ठेवावी.

• घन भुकटीवर क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन, ॲसिटोन किंवा एथिल ॲसिटेट यांचा थेंबही पडू देऊ नये. अशा संपर्काने आग लागते. सांडलेली भुकटी ॲसिटोनने पुसणे हा सर्वांत धोकादायक प्रकार होय.

• आग विझवण्यासाठी पाणी वापरू नये; कोरडी वाळू किंवा कोरडी रासायनिक पूड वापरावी.

• त्वचा आणि डोळे यांना गंभीर इजा होते. हातमोजे, संरक्षक चष्मा आणि फ्यूम हूड यांशिवाय काम करू नये.

• जुन्या बाटलीतील पिठूळ किंवा ढेकळे झालेल्या भुकटीत हायड्रॉक्साइड मिसळलेले असते. तिच्या वजनावरून केलेला हिशेब चुकतो, यलाइड अपुरे बनते आणि उत्पादित घटते. गरजेनुसार संप्लवनाने शुद्ध करून किंवा नवी बाटली उघडून काम करावे.

शेतापर्यंतचा अर्थ

कीटकशास्त्रज्ञाने स्वतः विटिग अभिक्रिया करावी, अशी अपेक्षा कोणी करत नाही. परंतु ल्युरची खरेदी, चाचणी आणि शिफारस यांची जबाबदारी बहुधा त्याच्याकडेच असते. ‘शुद्धता ९५ टक्के’ एवढ्याच नोंदीवर समाधान मानणे पुरेसे नाही, हे वरील विवेचनावरून ध्यानात यावे. झेड आणि ई समघटकांचे रेणुसूत्र एकच, रेणुवस्तुमान एकच. एकूण शुद्धतेच्या आकड्यात चुकीचा समघटकही बेमालूम सामावू शकतो. म्हणून पुरवठादाराकडून समघटकांच्या प्रमाणाचा स्वतंत्र दाखला मागावा आणि तो ध्रुवीय स्तंभावरील गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासलेला असावा. मिश्र कामगंधांच्या बाबतीत घटकांचे परस्पर प्रमाणही नमूद असावे. घाटे अळी आणि पिवळा खोडकिडा यांच्या ल्युरमध्ये मुख्य भेद प्रमाणाचाच असतो.

शेतातील चाचणीही तितकीच महत्त्वाची आहे. नव्या खेपेचे ल्युर आणि खात्रीचे जुने ल्युर एकाच शेतात, पुरेशा अंतरावर आणि जागांची अदलाबदल करत लावून पतंगांची संख्या ताडून पाहिल्यास रसायनाचा दोष लवकर उघड होतो. सापळा रिकामा असेल आणि त्याच वेळी झाडांवर अंडी, डोमकळ्या किंवा पोंग्यातील छिद्रे दिसत असतील, तर किडीऐवजी ल्युरवर संशय घ्यावा. ल्युरची साठवण बंद पाकिटात, थंड जागी आणि प्रकाशापासून दूर करावी. शुद्ध समघटकही उन्हाने आणि हवेने बिघडतो.

समारोप

पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड हे शेतकऱ्याला कधीही दिसणार नाही असे रसायन आहे. ल्युरमध्ये त्याचा अंशही नसतो. परंतु त्याचे बळ, त्याचा अवजड आकार आणि त्यातील पोटॅशियमचा अलिप्तपणा या तीन गुणांमुळे दुहेरी बंध हव्या त्या बाजूस वळवता येतो. त्या वळणावर नर पतंगाची ओळख, त्या ओळखीवर सापळ्यातील संख्या आणि त्या संख्येवर फवारणीचा निर्णय अवलंबून असतो. रसायनशास्त्रातील एका आम्लारीची निवड ही अशा रीतीने पीक संरक्षणातील निर्णयाची पहिली पायरी ठरते. कीटकशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांनी ल्युरच्या पाकिटावरील नाव वाचताना त्यातील ‘झेड’ आणि ‘ई’ या अक्षरांकडे अधिक बारकाईने पाहावे, कारण सापळा विश्वासार्ह आहे की नाही, याचे पहिले उत्तर त्या अक्षरांत असते.